मीटरवरची छत्री

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहारीनमध्ये जिदहफ्सजवळ सोलर पॅनेल बसवत होते. पॅनेलची वीज मोजणारा मीटर तापून बिघडू नये म्हणून त्याच्यावर छत्री धरायला कंपनीने मला नेमलं होतं. बी.एस्सी. फुकट गेली नाही. पॅनेल बसवणारा एक फिटर रत्नागिरीचा होता. हात पोळलेले, म्हणून घाम कोपराने पुसायचा. माणसांसाठी मात्र कंपनीने एक ताडपत्रीसुद्धा बांधली नव्हती.

एके दुपारी त्याचा जोडीदार भोवळ येऊन पडला.

"भाऊ, छत्री जरा ह्याच्यावर धरा."

"साहेबांना विचारून येतो."

"विचारा. तोवर मी आहे," म्हणत तो जोडीदारावर ओणवा होऊन उभा राहिला.

कंपनीचा राग तेव्हाही होता. स्वतःचा आजही येतो. मी खरंच विचारायला गेलो, तेही छत्री डोक्यावर धरून.