सासरेबुवांची केबल

आमच्या स्वयंपाकघरातल्या बोर्डावर नऊ बटणं आहेत. पंख्याचं बटण खालून तिसरं, आणि तेही उलटं बसवलेलं, म्हणजे वर केलं की पंखा बंद. मिक्सरचं बटण मिक्सरपाशी नाही, दारापाशी आहे. हे सगळं माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलंय आणि एकाही बटणावर चिठ्ठी नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी कागदाचे बारीक तुकडे कापून नावं चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी सगळे कागद गायब.

"ज्याला माहीत आहे त्याला चिठ्ठी लागत नाही," सासरे म्हणाले, "आणि ज्याला माहीत नाही त्याने बोर्डाला हात लावू नये."

सासूबाई नंतर मला हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं मी चाचपडतेय. तूही शिकशील."

तर अशा या गृहस्थांनी आयुष्यभर रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळला. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत मीही तिथेच नोंदणी विभागात लागले. घरी सासरे, ऑफिसात सासरे. माझ्या सहनशक्तीबद्दल कुणी शंका घेऊ नये. नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, नवी संगणक प्रणाली आली आणि जुन्या सर्व्हरवरून फक्त अलीकडे रक्त देऊन गेलेल्या लोकांच्या नोंदी नव्या प्रणालीत नेल्या. बाकीच्या जुन्यातच राहिल्या. ते धूड कोपऱ्यात घुमत राहिलं, आणि वर्षातून कधीतरी कुणाला तरी त्याची आठवण व्हायची.

परवाच्या मंगळवारी ती सगळ्यांनाच झाली. रक्तपेढी ज्या इस्पितळात आहे, तिथल्या वॉर्डात एक दिवस भरलेली बाई होती. बाळ आडवं, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, आणि तिचा रक्तगट लाखात एखाद्याचा. दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय डॉक्टर सुरी लावायला तयार नव्हते, आणि थांबायलाही नव्हते. नव्या प्रणालीत त्या गटाचा एकच माणूस निघाला, तो परदेशी गेलेला. "जुन्या मशीनमध्ये बघ," आमच्या विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या. "आणि देणारे पाचच्या आत इथे हवेत. पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो." त्या वॉर्डातल्या बाईचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. सुतार होता, बाहीला भुसा तसाच. दार उघडलं की तो उठून उभा राहायचा आणि कुणी त्याच्याकडे येत नाही असं बघून परत बसायचा.

गंमत अशी, की पाचच दिवसांपूर्वी खोली रंगवायला काढली होती. रंगाऱ्यांनी मशीन इकडून तिकडे ढकललं आणि तेव्हापासून ते नेटवर्कवर दिसेना. त्याला स्वतःचा स्क्रीन नाही. उरलं ते मागचं जुनं सीरियल पोर्ट. त्यात केबल लावायची, दुसरं टोक पीसीला जोडायचं, एक काळी खिडकी उघडायची, की मशीन आपल्याशी अक्षरांत बोलायला लागतं. एवढं मलाही कळतं. मी काही अगदीच ढ नाही.

कपाटात सासऱ्यांनी बनवलेली केबल सापडली. राखाडी, जाडजूड, घराला वेढा घालता येईल एवढी लांब. चिठ्ठी अर्थातच नाही. मी आधी नीट वाचून घेतलं होतं, की अशा जोडणीत तारा उलटवाव्या लागतात. याची बोलायची तार त्याच्या ऐकायच्या तारेला गेली पाहिजे, नाहीतर दोघंही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. म्हणून मी धावत जाऊन दुकानातून लॅपटॉपसाठी एक कन्व्हर्टर आणि तारा उलटवणारं एक छोटं कनेक्टर घेऊन आले. सगळं जोडलं. काळी खिडकी उघडली. ती काळीच राहिली. मी एंटर दाबलं, दहा वेळा दाबलं. ढिम्म.

शेवटी घरी फोन लावला. "बाबा, त्या केबलचं..."

"फोनवर नाही सांगता येणार. मी येतो."

"अहो, फक्त एवढंच सांगा, की..."

फोन ठेवलेला होता.

सव्वाअकराला सासरे आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात अवजारांची पिशवी. आधी त्यांनी भिंतींकडे पाहिलं. "हा रंग कुणी निवडला?" मग पहारेकऱ्याच्या गुडघ्याची चौकशी. मग चहा. माझा जीव टांगणीला आणि हे बशीत चहा ओतून फुंकर घालतायत.

"बाबा, बाहेर तो माणूस बसलाय."

"बघितलं मी. म्हणून तर घाई करत नाहीये."

पुढचा दीड तास त्यांनी दोष वाटण्यात घालवला. आधी कन्व्हर्टरवर ठपका ठेवला, "हे प्लास्टिकचं खेळणं आहे." मला दुसरा आणायला पिटाळलं. दुसऱ्यानेही काही होईना, तेव्हा लॅपटॉपची पाळी आली. "इतकं पातळ यंत्र म्हणजे आत काही असणार तरी का?" मग रंगारी. मग दुकानदार. त्यांनी प्रत्येक स्क्रू काढून पुन्हा पिळला, पोर्टावर फुंकर मारली, केबल एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटांनी चाचपली आणि जाहीर केलं, "केबल उत्तम आहे." मला रडू येतंय की राग, तेच कळेना.

एक वाजायला आला. सुतार दारात येऊन उभा राहिला, आमची वादावादी ऐकून परत गेला. त्याच्याकडे बघताना माझ्या डोक्यात चमकलं: आम्ही दोघंही बोलतोय आणि ऐकत कुणीच नाही, तारांचंही तेच झालं असेल.

"बाबा, या केबलमध्ये आत तुम्ही तारा उलटवल्यात?"

"मग काय सरळ ठेवीन? तीस वर्षांपूर्वी स्वतः डाग देऊन उलटवल्यात."

"आणि हे कनेक्टर मी आणलंय ते कशासाठी आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून कनेक्टर डोळ्यांजवळ नेलं. "हेही उलटवतंय."

"म्हणजे तुम्ही उलटवलं, मी पुन्हा उलटवलं, आणि झालं सरळ. सकाळपासून हेच चाललंय! आधी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

मी ते कनेक्टर ओढून काढलं आणि टेबलावर असं आपटलं, की पहारेकरी डोकावला. केबल थेट जोडून एंटर दाबलं. खिडकीत अक्षरं उमटली, पण कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेल्यासारखी.

"बोलतंय," सासरे खूश होऊन म्हणाले.

"काय बोलतंय?"

"वेग चुकलाय तुझा. नऊ हजार सहाशे ठेवलास ना? मी बाराशेवर ठेवला होता. केबल भिंतीतून, लिफ्टच्या मोटारीशेजारून माझ्या टेबलापर्यंत जायची. जास्त वेगात अक्षरं फुटायची."

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

सूर्य पूर्वेला उगवतो हे कुठे लिहिलंय, असं विचारल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मी बाराशे टाकलं. खिडकीत स्वच्छ ओळ आली. मशीन पासवर्ड विचारत होतं.

सासऱ्यांनी तो टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. तिसऱ्यांदा चुकलं तर मशीन सहा तास दार बंद करतं. हा नियम कुणी केला असेल, ते सांगायची गरज नाही.

"तुम्ही तोंडाने सांगा, मी टाकते."

"मला माहीत नाही."

"काय?"

"मला नाही माहीत. बोटांना माहीत आहे. या तुझ्या चपट्या कीबोर्डवर त्यांना काही सुचत नाही."

आता मात्र मी हात टेकले. कोठारातून त्यांचा जुना कीबोर्ड शोधून आणला, जाड बटणांचा, विटेएवढा जड. त्याची गोल पिन लॅपटॉपला बसणं शक्यच नव्हतं. मग आठवलं, की लेखनिकाच्या टेबलाखाली एक म्हातारा पीसी आहे. तो ओढून काढला तर त्याला कीबोर्डही बसला आणि मागे अस्सल सीरियल पोर्टही निघालं. म्हणजे दोन-दोन कन्व्हर्टर आणायला मी उन्हातून धावले, आणि ज्याला काहीच लागत नव्हतं असा पीसी सहा पावलांवर धूळ खात पडला होता. सासऱ्यांना तो माहीत होता की नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर ऐकायची ताकद नव्हती.

ते उभे राहिले. कामावर ते उभ्यानेच पासवर्ड टाकायचे. डोळे मिटले. खडखडखड. मशीनने दार उघडलं.

पावणेतीनला त्या गटाची यादी खिडकीत एकेक अक्षराने उतरली. सात नावं, सात फोन नंबर. मी पहिला लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. दुसरा लावला, तो कुठल्याशा वखारीत लागला. तिसऱ्याला त्याच्या मुलाने उचललं. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. चौथा अस्तित्वात नाही.

सासरे माझ्या खुर्चीमागे उभे होते. चौथ्या नंबरानंतर त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग दर वर्षी तू फोन कुठे करत होतीस?"

सांगते. निवृत्त होताना त्यांनी या सात जणांचा कागद माझ्या हातात दिला होता. वर्षातून एकदा प्रत्येकाला फोन करायचा, ख्यालीखुशाली विचारायची, नंबर-पत्ता बदलला असेल तर मशीनमध्ये घालायचा. हे काम कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं, त्यांनीच स्वतःला लावून घेतलेलं. पहिल्या वर्षी मी एक फोन केला. पलीकडे कुणी उचललाच नाही. मग नवी प्रणाली आली, कामाचा डोंगर आला, कागद कुठे गेला कोण जाणे. दर वर्षी सासरे जेवताना विचारायचे, "झाले का फोन?" आणि मी भाजी वाढता वाढता म्हणायचे, "झाले." नऊ वर्षं. सकाळपासून मी त्यांच्या नावाने बोटं मोडत होते, आणि तिकडे वॉर्डात ती बाई माझ्या नऊ 'झाले'मुळे अडकून पडली होती. मला मान वर करवेना.

त्यांनी खुर्चीमागून वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"खाली शेरा आहे बघ," ते म्हणाले. "तो वाच."

उरलेले तीन नंबरही लागेनात, म्हणून मी प्रत्येक नोंद उघडली. ज्या माणसाने तारांबद्दल एक अक्षर कुठे लिहिलं नाही, त्याने या सात जणांबद्दल पानंच्या पानं लिहून ठेवली होती. चौथ्याखाली होतं: 'पोस्टासमोर सायकल दुरुस्ती. दुकान बंद असल्यास शेजारच्या शिंप्याकडे विचारावे. सुईकडे बघत नाही, बोलत राहावे.' सहावीखाली होतं: 'शाळेत शिक्षिका. बदली होत राहते. भावाचं औषधाचं दुकान आहे, तो कायम तिथेच.' आणि दुकानाचा पत्ता.

मी बाहेर जाऊन सुताराला पोस्टासमोरचा पत्ता दिला. तो धावतच सुटला, स्कूटरची किल्ली बाकावर राहिली म्हणून परत आला आणि पुन्हा धावला. भावाच्या दुकानाचा फोन नंबर नव्हता, म्हणून मी त्या पत्त्याजवळच्या औषधाच्या दुकानांना एकामागून एक फोन लावत बसले. तिसऱ्या दुकानाने त्या भावाचा नंबर दिला, भावाने बहिणीचा.

पावणेचारला सायकलवाला आला, हात ग्रीसने काळे. सासरे त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि सायकलींच्या नव्या ब्रेकांवर असे तुटून पडले, की सुई कधी टोचली ते त्याला कळलंही नाही. एक पिशवी झाली. सुतार दाराच्या फटीतून त्या पिशवीकडे बघत होता.

घड्याळात साडेचार झाले. मग पाचला वीस कमी. मी जिन्याकडे बघत होते. पाचला बारा कमी असताना शिक्षिकाबाई वर आल्या, पन्नाशीच्या, खांद्यावर शाळेची पिशवी, धापा टाकत. मी त्यांना खुर्चीत बसवून फॉर्म भरायला घेतला.

"मला वाटलं, तुम्ही मला यादीतून काढून टाकलं," बाही वर करता करता त्या म्हणाल्या. "पूर्वी दर वर्षी एका गृहस्थांचा फोन यायचा. बरी आहेस ना, म्हणून विचारायचे. नऊ वर्षं झाली, एकही नाही. म्हटलं, आता आपलं रक्त नको असेल यांना."

माझं पेन थांबलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं.

"ते राहून गेलं माझ्याकडून," मागून आवाज आला. सासरे कोपऱ्यात केबल गुंडाळत उभे होते. "निवृत्त झालो आणि आळस शिरला अंगात. मीच करायचो ते फोन."

"अगंबाई, हाच तो आवाज!" शिक्षिका खुर्चीतच वळल्या. "मग आता परत सुरू करणार का?"

"आता ही करते."

"दर वर्षी?"

"दर वर्षी," सासरे म्हणाले, आणि पुन्हा केबलकडे वळले.

मी बाईंचा नवा नंबर लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. दोन आकडे चुकले होते. डोळ्यांत पाणी आल्यामुळे कागदच दिसत नव्हता. बाईंनी नंबर पुन्हा सांगितला, आणि मी तो पुन्हा लिहिला.