चिंधी बांधलेला दोडका

दोडक्याच्या शिरा चटणीसाठी तव्यावर परतायला लागले, की लग्नानंतरचा पाथर्डीतला पहिला उन्हाळा आठवतो. सासूबाईंनी माहेरून आणलेलं शेवटचं बी लावून मोरीच्या पाण्यावर वेल जगवला होता. एका कोवळ्या दोडक्याला लाल चिंधी बांधलेली दिसली. नजर लागू नये म्हणून बांधली असेल, असं वाटून मी ती सोडली आणि दोडक्याची भाजी केली. ताटात भाजी पाहून सासूबाईंनी वळून वेलाकडं पाहिलं. "बियाला ठिवला हुता गं," त्या हळूच म्हणाल्या, आणि लगेच एक घास खाऊन ताट पुढं केलं, "लई चवदार झालीय, वाढ अजून." पुढं आठ दिवसांत उन्हानं वेल करपला. पुढच्या उन्हाळ्याला सासूबाईही राहिल्या नाहीत. ती चिंधी अजून माझ्या डब्यात आहे. बांधायला तो वेल नाही.