अल्काचा रॅम्प

अल्का मेश्रामचा पहिला राग लोखंडावर होता. जहाजाच्या कारखान्यात ती डिझाइनर म्हणून लागली, तेव्हा किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजांचे रॅम्प पोलादाचे असत. असं जहाज सरळ वाळूवर येऊन टेकतं, त्याच्या तोंडाशी बांधलेला रॅम्प खाली पडतो आणि त्यावरून फौजेच्या गाड्या आणि रणगाडे उतरतात. पण रॅम्पच एवढा जड, की जहाजाचं नाक दबायचं, ते लांबच रुतायचं आणि गाड्या खोल पाण्यात जायच्या. वर खारं पाणी ते पोलाद कुरतडत राहायचं. "गंजायलाच बनवता काय?" तिनं पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. इटियाडोह धरणाच्या काठावरच्या देवाजी ट्रॅक्टरवाल्याची ही पोरगी. तोंड आवरणं तिला कधी जमलंच नाही.

काही वर्षं खपून तिनं अॅल्युमिनियमचा रॅम्प काढला, पोलादाच्या निम्म्या वजनाचा. पोलादी बिजागरी अॅल्युमिनियमला भिडली की खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम सडतं, म्हणून मध्ये प्लास्टिकच्या चकत्या घातल्या. सगळं तिचं. आणि २००९ साली तिच्या विभागाच्या साहेबांना वजन आणखी घटवून शाबासकी हवी झाली. त्यांनी वरचा पत्रा पातळ केला, खालचे आधार विरळ केले. अल्का भांडली. रणगाडे लोखंडी साखळीवर चालतात, त्यांना हा पत्रा पुरणार नाही, असं घसा फोडून सांगितलं.

"चाचणीला टायरचा ट्रकच आणायचा आहे ना?" साहेब म्हणाले.

म्हणजे पास होण्यापुरता रॅम्प! पुढे किनाऱ्यावर गाडीसकट जवान खाली गेला, तर त्याचं त्यानं बघावं. अल्का आतून धुमसत राहिली.

चाचणी इटियाडोहला घ्यायचं तिनंच सुचवलं होतं. जुलैत धरण भरलेलं नसतं, काठाचा उतार मऊ असतो. तिथं तराफा जोडून त्याच्या तोंडाला रॅम्प लावला. आदल्या संध्याकाळी जेवताना देवाजीनं विचारलं, "काय काय चढते वं याच्यावर?"

बापासमोर आपलं काम लंगडं झालंय हे कसं सांगावं? "काईही चढवा बाबा," ती म्हणाली, "रणगाडा चढते."

दुसऱ्या दिवशी जहाज घेणाऱ्यांचे तपासनीस खुर्च्या टाकून बसले. ट्रक चढला, उतरला. टाळ्या पडल्या. साहेबांची छाती फुगली आणि अल्काला प्रत्येक टाळी झोंबली.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. भातरोवणीचे दिवस, देवाजी थेट धानाच्या बांधीतून, चिखलातून आलेला, मागे टायरांच्या जागी चिखलणीची लोखंडी पात्यांची चाकं. त्या दिवसांत इकडे ती चाकं कोणी काढत नाही. एका बांधीतून दुसरीत जायचं, मधे रस्ता लागला तर लागला. लेकीच्या रॅम्पवर आपण चढायचं, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात. कोणी अडवायच्या आत तो वर होता.

पत्रा करकरला, खचला, दोन ठिकाणी चक्क चिरला.

"बाबा! हे चाकं घेऊन काऊन आले तुमी?" अल्का किंचाळली. त्या घडीला तिला बापाचाच संताप आला होता.

देवाजीनं घाबरून ट्रॅक्टर मागे घेतला आणि तो खाली उतरला. साहेब धावत आले. "किसने छोडा इसको? ये लोग ऐसेही होते हैं, कहीं भी घुस जाते हैं!"

ये लोग म्हणजे कोण, ते अल्काला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शाळेपासून आडनावापाठोपाठ हेच ऐकत आली होती.

"माफ करा सायेब, पोरगी म्हणे काई होत नाई," देवाजी पुटपुटला. खांद्यावरचा दुपट्टा काढून, गुडघे टेकून तो रॅम्पवरचा चिखल पुसू लागला.

साहेब तपासनिसांकडे वळून हसले. "बाहेरच्या माणसाची चूक. रॅम्प तर पास झालाच आहे."

मग मात्र अल्काचं डोकं फिरलं.

"उठा बाबा. पुसू नोका."

"अवं, पण मायाच्यानं..."

"तुमच्यानं काई नाई झालं. काल खोटं मी बोलली." ती तपासनिसांकडे वळली. "हे माझे वडील. त्यांचा ट्रॅक्टर दोन टनांचाच, पण लोखंडी चाकांचा; रणगाडाही लोखंडावरच चालतो आणि याच्या कितीतरी पट जड. हा पत्रा पातळ केलाय, माझ्या विरोधात केलाय. पास म्हणण्याआधी नीट बघून घ्या."

"अल्का, नोकरीला मुकशील," साहेब दात खाऊन म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "बाबा, बसा ट्रॅक्टरवर. आणखी एकदा चढवा."

देवाजी दुपट्टा झटकत उठला. "मोडन ना वं. तुया हातचा आहे."

"मोडू द्या," अल्का म्हणाली आणि स्वतःच पुढे होऊन, हात हलवत, ट्रॅक्टरला वाट दाखवू लागली.