आनंदीबायची उचल

मी मंगेश. सर्जेकोटच्या किनाऱ्यावर मासळीवाल्या बायका आणि त्यांच्या टोपल्या टेम्पोत भरायच्या आणि कणकवली, नांदगावपर्यंत एकेकीला तिच्या तिच्या गावात सोडत जायचं, हा माझा धंदा. लोक म्हणतात, मंगेश तापट आहे. अरे, पहाटे उठून या सगळ्यांची भांडणं ऐकत, कसालपर्यंतचे खड्डे चुकवत एकदा गाडी हाकून दाखवा, मग बोला! पण आज सांगायचंय ते आनंदीबायचं.

आनंदीबाय माझ्या टेम्पोतलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वय साठीच्या आसपास, अंगाने बारीक, आणि आवाज असा की लिलावात तिने बोली केली की होडीवरचे कावळे उडतात. तिचा नवरा आबा. त्याची कंबर गेली तशी होडी विकली, आता तो घरी बसून लोकांची जाळी विणतो. मूलबाळ नाही. तिची माया म्हणाल तर ती नांदगावातल्या तिच्या ठरलेल्या घरांवर. कोणाला पेडवे लागतात, कोणाला कर्ली, कोणाची लेक बाळंतपणाला आली आहे म्हणून तिच्यासाठी मुडदुशे न्यायचे, सगळं तिला तोंडपाठ.

आणि ती घरंच हातची जायला लागली होती. बर्फाची पेटी बसवलेली कोणाची तरी गाडी रोज तिच्या आधी नांदगावात पोचायला लागली. माझा टेम्पो सगळ्यांना उतरवत जाणार आणि नांदगाव शेवटचं. आनंदीबाय टोपली घेऊन दारात उभी राहीपर्यंत त्या घरात बांगडा तव्यावर पडलेला असायचा. मग 'उद्या ये हां मावशी' म्हणून सुटका. ती परतीच्या वाटेवर गप्प बसायची, आणि आनंदीबाय गप्प बसली की मला गाडी चालवणं जड जातं.

"मंगेशा, ह्या असाच चल्ला तर दिवाळीपर्यंत माजी सगळी घरा जातली रे," एक दिवस ती म्हणाली. "माका माजी गाडी व्हयी. पेटीवाली."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं ऐकून तुम्ही म्हाताऱ्या बाईला वेडी म्हणाल आणि माझं डोकं फिरेल. मासेमारीचा मोसम लागण्याआधी होडीवाला खलाशाला पैसे देतो. त्याला उचल म्हणतात. ज्याने उचल घेतली तो बांधला गेला. त्याला दुसरा कोणी होडीवर घेणार नाही. आणि व्यापाऱ्याने होडीवाल्याला पैसे दिले असले तर तो रोजच्या मासळीतून थोडंथोडं कापून घेतो. म्हणजे आमच्यात कोणी आगाऊ पैसे घेतले की तो शब्द झाला, आणि कापायला सुरुवात झाली की व्यवहार पक्का. याच हिशोबावर आनंदीबायने आयुष्य काढलं होतं.

तर कणकवलीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर चंदन नावाचा एक दलाल बसायचा. बाहेर बोर्ड, 'कर्ज मिळेल, कागदपत्रांची कटकट नाही'. आनंदीबाय एकटीच गेली. चंदनने तिला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, मावशी म्हटलं, आणि फाईल करायची फी म्हणून आठ हजार घेतले. वर तिचं बँकेचं कार्ड मागितलं. म्हणाला, फक्त तपासून बघायचंय. तिच्या मोबाईलवर नंबर आला, तो तिने मोठ्याने वाचून दाखवला. शाळेतल्या पोरीसारखा, अगदी स्पष्ट.

आणि बाई खूश! का, तर चंदनने पैसे घेतले. "उचल घेतल्यान तेणा," ती मला सांगते. "आता खंय जातलो?" मला तेव्हाच शंका आली होती, पण टेम्पोत मागे सुरमईच्या भावावरून दोघी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात होत्या. राहिलं ते राहिलंच.

पावसाळा गेला, मोसम लागला, कर्ज काही येईना. तरी आनंदीबाय निर्धास्त. एकदा कसालला चहा पिताना तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "बघ रे, आनिक एक हप्तो गेलो." तोंडावर नुसतं समाधान.

मी मेसेज वाचला. पुन्हा वाचला. दर महिन्याला तिच्या खात्यातून सहाशे रुपये जात होते, कुठल्याशा कंपनीच्या 'सदस्यत्वा'साठी. म्हणे कर्ज मिळण्याची लायकी वाढवून देणारी कंपनी!

"हो हप्तो न्हय गो आनंदीबाय! कर्जच मिळूक नाय तर हप्तो कसलो?"

"मगे कापतत कित्या?"

मी समजावून सांगितलं. ऐकता ऐकता तिच्या हातातला चहा निवला. तिला वाटत होतं, कापायला लागले म्हणजे कर्ज निघालं, वाटेत आहे. मासळीतून कापतात तसं. तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आबाक सांगू नको." एवढंच. माझं रक्त असं उसळलं की चंदन समोर असता तर मी त्याला उलटा टांगला असता. शिरा पडो मेल्याच्या तोंडार!

"मारामारी करूची नाय," आनंदीबाय म्हणाली. "उचल घेवन खलाशी इलो नाय तर आपण काय करतंव? तेच्या खळ्यात जावन बसतंव. तसाच करूया."

खरं आहे. होडीवाल्याची बायको त्या खलाशाच्या अंगणात जाऊन बसते. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. नुसती बसते. येणारा-जाणारा विचारतो, ती सांगते. संध्याकाळपर्यंत खलाशी हजर.

सोमवार निवडला, कारण सोमवारी आमच्याकडे मासे खातो कोण? धंदा बंदच. पण आनंदीबाय मोकळ्या हाताने घराबाहेर पडणारी नाही. सुक्या बांगड्यांची टोपली घेतली बरोबर, म्हणाली, बसल्या बसल्या चार विकले जातील. चंदनची खोली एसीवाली, दारं-खिडक्या घट्ट बंद. थोड्या वेळात त्या थंडगार खोलीत सुक्या बांगड्याचा असा काही दरवळ सुटला की मलासुद्धा नकोसं झालं, आणि माझा तर जन्म त्यात गेला.

चंदन आधी गोड बोलला. "मावशी, फाईल वरती गेली आहे. प्रोसेस चालू आहे." आनंदीबाय म्हणाली, "बरा. मी बसतंय." मग तो चिडला. पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी म्हटलं, बोलाव की! फीची पावती काढून ठेव तेवढी, साहेबांना दाखवायला. चोर तो चोर आणि वर शिरजोर! त्यावर तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला.

मग त्याची गिऱ्हाइकं यायला लागली. एक जोडपं आलं, बाईच्या हातात पर्स. तिने नाक दाबत विचारलं, "मावशी, तुम्ही इथे?" आनंदीबायने आवाज न चढवता सांगितलं, "माजी उचल घेतल्यान. कामाक येना नाय. म्हणान बसलंय." बाईने नवऱ्याकडे बघितलं, पर्सची चेन लावली आणि दोघं जिना उतरून गेली. जाताना बांगडे मात्र घेतले! त्यानंतर आलेला एक बागायतदारही तसाच परत गेला.

दुपारी चंदन म्हणाला, अर्धे घ्या आणि जा. आनंदीबायने भाकरी सोडली, मला दिली, आपण खाल्ली, आणि त्यालाही विचारलं, "जेवलंस काय रे?" मला वाटतं त्या एका प्रश्नाने तो जास्त हैराण झाला. संध्याकाळी त्याने सगळे आठ हजार काढून टेबलावर ठेवले. आनंदीबायने मोजले, कमरेच्या पिशवीत घातले, आणि पुन्हा बसली.

"आता काय?" चंदन रडकुंडीला आला.

"ते म्हयन्याचे कापतत ते?"

"ते माझ्याकडे नाहीत हो मावशी! आईशप्पथ! ती कंपनी वेगळी आहे. मला नुसतं कमिशन मिळतं."

"तेंचा दार खंय आसा?"

"दार नाही. सगळं मोबाईलवर असतं. मीसुद्धा कधी कोणाला बघितलं नाही."

आनंदीबाय पहिल्यांदा गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, "दार नाय? मगे बसूचा खंय रे मंगेशा?"

जिना उतरताना तिने कठडा धरला होता. तशी ती कधी काही धरून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी धंदा आटोपून आम्ही मालवणला तिच्या बँकेत गेलो. या बँकेत ती लग्नानंतर लगेच पैसे ठेवायला लागली होती, पण काही मागायला कधी गेली नव्हती. तिच्या मते बँक ठेवायची जागा, मागायची नव्हे. काउंटरवर अनुजा मॅडम होत्या, तरुण, कपाळावर आठ्या, पण बोलणं सरळ. आनंदीबाय एकदम ताठ झाली आणि पुस्तकी मराठीत म्हणाली, "मॅडम, माझे पैसे दर महिन्याला जातात. मला ते द्यायचे नाहीत."

मला वाटलं होतं, आता चार चकरा आणि दहा सह्या. पण मॅडमनी कार्ड मागितलं, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, दर महिन्याला कापायची परवानगी तुमच्या नावाने दिली गेली आहे. ती आपण आत्ता रद्द करू. कार्डही बंद करून नवीन देते. गेलेल्या पैशांसाठी तक्रार लिहून घेते, पण सगळे परत मिळतीलच असं नाही सांगत."

"म्हणजे पुढे जाणार नाहीत?"

"नाही जाणार."

आनंदीबाय माझ्याकडे वळली. बघितलंस, अशा थाटात. पुढे तक्रारीवर काही पैसे परत आले, काही बुडाले. बुडाले ते समुद्रात, असं म्हणून तिने त्यांचं नाव टाकलं.

मग मॅडमनी विचारलं, "पण कर्ज कशाला हवं होतं?" तेवढ्यात बाहेर कोणीतरी हॉर्नवर हॉर्न मारत होता, म्हणजे माझाच टेम्पो आडवा लागला होता. मी धावलो, हॉर्नवाल्याशी यथास्थित भांडलो, गाडी हलवली. परत आलो तर आनंदीबाय खुर्चीतून उठून उभी. "परत फी?" ती ओरडली, आणि पुस्तकी मराठी गेली उडत. "माका नको तुमचा कर्ज!"

"अहो, बसा तरी!" अनुजा मॅडम हसत होत्या. "आधी काहीच द्यायचं नाही. कर्ज मंजूर झालं तर त्यातूनच कापली जाईल."

आनंदीबायने थोडा विचार केला. "आधी काम, मगे पैसे?"

"हो."

"मगे बरा," म्हणून ती बसली.

त्यानंतरचे दिवस माझे काही बरे गेले नाहीत, स्पष्टच सांगतो. तिला कर्ज मिळणार याचा मला आनंद होता, आणि पोटात दुखतही होतं. तिची गाडी आली की माझ्या टेम्पोत ती बसणार नाही. बरं, माझा टेम्पो म्हणजे तरी काय, दर महिन्याला कमाई गिऱ्हाइकांकडून घ्यायची आणि मेकॅनिकला द्यायची. आनंदीबायला बघून आणखी दोघी म्हणायला लागल्या, आम्हीही तुझ्या गाडीत येऊ गो. माझ्यासमोर म्हणाल्या! तिचा पुतण्या निलेश नुकताच गाडी शिकला होता. तोच चालवणार हे मी मनाशी धरून बसलो, आणि त्याच्याशी बोलणंसुद्धा टाकलं. तो बिचारा विचारत राहिला, काका, माझं काय चुकलं?

गाडी आली. पांढरी, मागे बर्फाची मोठी पेटी. आबा काठी टेकत अंगणात आला, त्याने नारळ फोडला, पेटीवरून हात फिरवला, आतल्या बाजूने सुद्धा. आनंदीबायने गाडीला हळदकुंकू लावलं. मी लांब माडाखाली उभा. अभिनंदन करून निघायचं, असं ठरवून आलो होतो.

तिने पेटी भरून घेतली, लगबगीने पुढे आली आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसली. ड्रायव्हरची जागा रिकामी.

"निलेश खंय?" मी विचारलं.

"निलेश? तो खंय उठता एवढ्या सकाळी!"

"मगे गाडी कोण चलवतलो?"

"कोण म्हंजे?" ती माझ्यावरच खेकसली. "तू भायर भांडत होतंस तेव्हाच मॅडमनी इचारल्यानी, मावशी, ड्रायव्हर कोण? मी सांगलंय, माजो मंगेश आसा. तो नसतो तर मी गाडी कित्याक घेतली असती?"

एवढा मोठा बाप्या, माडाचं खोड धरून उभा राहिलो. आबाने दुसरीकडे तोंड फिरवलं.

"रडतंस कित्या मेल्या?" आनंदीबाय खिडकीतून ओरडली. "बर्फ वितळता!"