रिकाम्या खोक्याची ओटी

फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. दिगू, माझा धाकटा भाऊ, दुसऱ्या दिवशी नांदेडला माझ्याकडे यायचा होता. केळीचा कंटेनर परदेशी निघायच्या आदल्या दिवशी तो एक रिकामा खोका घेऊन माझ्या घरी येई, हे गेली काही वर्षं ठरूनच गेलं होतं. फोनवर सलीमभाई होता, दिगूचा पॅकहाउसमधला उजवा हात. "आक्का, भाऊ लातूरला..." एवढं बोलून तो थांबला. दिगू लातूरला शेतकऱ्यांच्या बैठकीला गेला होता, आपला माल बाहेरच्या देशात कसा पाठवायचा ते सांगायला. बोलता बोलता खुर्चीवर बसला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत गेला. मी फोन ठेवला आणि पुन्हा सुपापुढे बसले. तांदळात खडे नव्हतेच. तरी पुढचा तासभर मी ते निवडत होते.

आमचं माहेर अर्धापूरकडचं. लहानपणापासून घराभोवती केळीच केळी. व्यापारी यायचे, बागेवर नजर टाकायचे, घड तोडून ट्रकमध्ये फेकायचे. ते फेकणं दिगूला लहानपणीसुद्धा बघवायचं नाही. पुढे आपल्या भागातली केळी आखाती देशांत जाऊ लागली, पण दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यातून. दिगूच्या डोक्यात वेगळंच शिरलं. जिथे आपल्याकडून अजून कुणी पाठवत नाही अशा देशात पाठवायची, आणि खोक्यावर आपल्या गावाचं नाव छापायचं. त्यानं रशिया निवडला. मी चिडवायची, "अरे, तुला स्टेशनला कुठली सिटी बस जाते ते आठवत नाही, आणि रशियातली थंडी मला सांगतोस!" तो हसायचा. "थंडीच लागती आक्का केळीला. तेरा डिग्री. कमी न्हाई, जास्त न्हाई." गावातल्या वीस-बावीस घरांना त्यानं तयार केलं, शेडचं पॅकहाउस केलं, बायकांना फण्या धुवायला, पुसायला, खोक्यात निजवायला शिकवलं. निजवायला हा त्याचाच शब्द.

पहिला कंटेनर भरला त्या दिवशी सगळा गाव शेडपुढे जमला होता. बायका म्हणाल्या, ही पहिली लेक सासरी चालली, ओटी भरल्याशिवाय कशी धाडायची? ताट तयार झालं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, कुंकू लावलेल्या अक्षता. ओटी अर्थातच दिगूच्या बायकोनं, सुमननं भरायची. मी लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. मला वैधव्य येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आणि अशा वेळी कुठे उभं राहायचं हे बाईला कुणी शिकवावं लागत नाही. शाळेत पोरांना समानतेचा धडा शिकवणारी मी, गावात आले की गुपचूप मागच्या रांगेत जायची. दिगू सरळ माझ्यापाशी आला. "आक्का, ताट घे."

"मी? वेडा झालास का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. लेकीची ओटी आत्यानं भरावी का न्हाई?" सुमननंच ताट माझ्या हातात दिलं. एक म्हातारी चुलती पुटपुटली, ते मी ऐकलं, दिगूनंही ऐकलं. मी कंटेनरच्या दारातल्या खोक्यांची ओटी भरली. नऊ वर्षांनी माझ्या बोटाला कुंकू लागलं होतं. ओंजळ भरभरून घातली मी. नारळ, खण काढून घेतले, कंटेनरची दारं लागली, आणि मी टाकीमागे जाऊन पोटभर रडले. आयुष्यात मला कुणी दिलेला सगळ्यात मोठा मान कुठला असं विचाराल तर मी तोच सांगेन.

तो माल बाजारात पोचलाच नाही. तिकडच्या बंदरात अडकला, दिवसांवर दिवस गेले, आणि केळी खोक्यातच पिकून काळी पडली. गावात बैठक झाली. दिगू मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "तापमान मीच चुकीचं लावलं, म्हनून माल अडला. चूक माजी हाय." लोक नको नको ते बोलले. निम्मी घरं तिथल्या तिथे बाहेर पडली. आणि मी... मी सुट्टीला म्हणून आले होते, मीही बोलले. वर्गात बोलते तशी, सगळ्यांदेखत. "तेरा डिग्री, तेरा डिग्री म्हणून आमचे कान किटवलेस, आणि ऐन वेळी तेच चुकवलंस? एवढी साधी गोष्ट नीट करता येऊ नये तुला?" दिगूनं खाली बघितलं. "चुकलं आक्का," म्हणाला. सलीमभाई उठून बाहेर निघून गेला. मला वाटलं, त्यालाही राग आलाय.

पुढचे दोन हंगाम दिगूचं नाव घेतलं की लोक हसायचे. तेरा डिग्री हेच त्याचं नाव पडलं. तो मात्र घरोघर फिरत राहिला, पुन्हा माणसं जोडली, पुन्हा कंटेनर भरला, आणि तो नीट पोचला. त्यानंतर दर हंगामाला कंटेनर जात राहिले. त्या दुसऱ्या वेळेपासून ही खोक्याची नवी रीत सुरू झाली. "पॅकहाउसात आता नियम लई कडक झालेत, पूजाबिजा आत चालत न्हाई," म्हणाला. "खोका तुज्या घरी आणतो. तू हितंच ओटी भर." मी रिकाम्या खोक्यात ओटी भरायची. तो ती घेऊन जायचा आणि त्या तांदळाचा भात पॅकहाउसातल्या बायकांना वाढायचा. खोका मात्र परत माझ्याकडे, माळ्यावर. निघताना त्याचं एक खूळ असे. उंबऱ्यात उभा राहून सदरा झटकायचा, खिसे उलटे करायचा, चपला एकमेकींवर आपटायचा. "माझं घर काय धुळीचं आहे का रे?" मी विचारायची. "सवय हाय," म्हणायचा.

दिवस-पाणी झाल्यावर मी एकदा पॅकहाउसात गेले. काम थांबलं नव्हतं; सुमननं आणि सलीमभाईनं ते चालू ठेवलं होतं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला उपदेश सुचतो. मी बायकांना म्हणाले, "सगळं नीट बघून करा गं. पहिल्या वेळी दिगूनं केली तसली चूक आता नको."

सलीमभाईच्या हातातली फणी तशीच राहिली. तो मला बाजूला घेऊन गेला. "आक्का, भाऊनं मला कसम घातली व्हती. पन तुमच्या तोंडून हे पुन्हा ऐकनं मला जमत न्हाई." त्यानं फोन काढला, बराच वेळ शोधलं आणि तिकडच्या बंदरातून आलेला एक फोटो पुढे धरला. हातमोजा घातलेला एक तळहात, त्यावर सात-आठ लाल तांदूळ. माझ्या अक्षता. केळीच्या खोक्याला हवेसाठी भोकं असतात, हे मला माहीत होतं. पण ओंजळ रिती करताना कुणाच्या ध्यानात येतं? मालात धान्य सापडलं, तेही लाल. तिकडच्या साहेबाला वाटलं, औषध चोळलेलं बियाणं आहे. तपासणी होईपर्यंत माल अडवून ठेवला. "तापमान बराबर व्हतं, आक्का. शेवटपर्यंत बराबर व्हतं."

"मग त्यानं सांगितलं का नाही?"

सलीमभाईनं फोन खिशात घातला. "भाऊ म्हनले, तांदळाचं नाव निगालं तर लोक तांदळाला न्हाई बोलनार. हाताला बोलतेल. म्हनतेल, रांडमुंड बाईच्या हातानं ओटी भरली म्हनून बुडालं. आक्का पुन्हा कवाच ताटाला हात लावनार न्हाई."

मी घरी कशी आले आठवत नाही. आधी मला राग आला, खरं सांगते. माझ्यापासून लपवतोस? थोरली मी होते ना? मला सोसलं नसतं का? मग माझेच शब्द कानात वाजायला लागले. एवढी साधी गोष्ट नीट करता येऊ नये तुला... सगळा गाव बोलला ते त्यानं पचवलं असेल. माझं कसं पचवलं? हे ज्याला विचारायचं तो नाही, आणि माफी मागायला दुसरं माणूस चालत नाही. घरात बोलायला कुणी नाही. माळ्यावर खोका आहे, त्याच्याकडे बघायचं धाडस होईना.

गेल्या आठवड्यात सलीमभाई दारात उभा राहिला. "उद्या कंटेनर निगतोय, आक्का."

"नको रे. माझ्या हातानं नको आता."

"भाऊ गेल्यावर पयली लेक चालली. आत्याच न्हाई म्हनली तर ती जाईल कशी?" त्यानं स्वतःच स्टूल ओढलं आणि माळ्यावरचा खोका खाली काढला. डब्यात तेच तांदूळ होते, त्या दिवशी निवडलेले. मी ओटी भरली. ओंजळ कमी केली नाही.

खोक्यातली ओटी सलीमभाईनं फडक्यात घट्ट बांधून घेतली, उंबऱ्यात गेला आणि थांबला. सदरा झटकला. दोन्ही खिसे उलटे केले. चपला एकमेकींवर आपटल्या. मी बघत राहिले... मग उठले, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि माझा पदर झटकला. त्यातून दोन दाणे पडले.