बुडालेल्या माणसाची तिथी

रविवार, ११ नोव्हेंबर १९३४, सकाळी साडेसात वाजता आमचे नवे भटजी अंगणात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "आजोबांचं श्राद्ध कधी धरायचं?"

वडिलांचे वर्षश्राद्ध भाद्रपदात उरकले होते. आजोबांचे श्राद्ध करण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी सांगितले, कार्तिक वद्य षष्ठी. वडिलांनी ती तिथी कधी चुकविली नव्हती.

"आजोबा गेले कशाने?"

"खलाशी होते. गलबत बुडालं. सगळे गेले."

"कुणाचाच पत्ता लागला नाही?"

"कुणाचाच नाही."

"मग षष्ठी कुणी कळवली? समुद्राने तार केली की काय?"

ते हसले. जुने भटजी असते तर त्यांनी हे विचारले नसते. ज्याच्या मरणाचा दिवस ठाऊक नाही त्याचे श्राद्ध अमावास्येस करतात. हे मला ठाऊक होते आणि तरी आजवर कधी खटकले नव्हते. भटजी म्हणाले, "अमावास्या की षष्ठी, संध्याकाळपर्यंत सांगा. मला इतर घरं आहेत."

मी कोर्टात बेलीफ होतो. दारात समन्स घेऊन उभे राहावे आणि आतून येणारे खोटे ऐकावे, हा माझा रोजगार. 'ते समुद्रावर गेलेत' हे उत्तर मला किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात मिळे. ते ऐकून मी निमूट निघे आणि मागच्या दाराशी जाऊन थांबे. माझ्या स्वतःच्या घरातले तेच उत्तर मी जन्मभर तपासले नव्हते.

संशय सरळ होता. तिथी खरी असेल, तर आजोबांचा मृत्यू कुणीतरी पाहिला होता, म्हणजे बुडण्याची गोष्ट खोटी होती. तो वडिलांनी पाहिला असेल, तर त्यांनी आपल्या बापाला जिवंतपणी मेलेला ठरविले, आणि घर व मागची आंब्याची कलमे स्वतःकडे ठेवली. अशा मुलाला मी नुकताच पिंड दिला होता. वडिलांनी हे केले की नाही, एवढे मला त्या दिवशी जाणून घ्यायचे होते.

आई परसात भात वाळत घालीत होती. मी विचारले. तिने मान वर केली नाही.

"तुमच्या घरातल्या गोष्टी. मी नंतर आले."

"तुला काहीच ठाऊक नाही?"

"मला कशाला विचारतोस? तांडेल जिता आहे अजून. लेकीकडे असतो, भाट्याला. त्याला विचार."

ती जे बोलून गेली ते तिच्या ध्यानात आले नसावे, किंवा आले असावे. सगळे बुडाले असे सांगत, आणि ज्याच्या हाती सुकाणू होते तो माणूस खाडीपलीकडे लेकीकडे जेवत होता. मी जोडे घातले आणि निघालो.

आजोबा दारू पीत, एवढे घरात मान्य होते. त्यापुढे कुणी जात नसे. आजीचा डावा हात मनगटाशी वाकडा होता. विहिरीवर पाय घसरून मोडला, असे सांगत. आजोबांची एकही वस्तू घरात नव्हती. बुडालेल्या माणसाचे कपडे तरी घरी राहतात.

तरीतून खाडी ओलांडून भाट्याला उतरलो. तांडेल मूळचा पूर्णगडचा. फार म्हातारा झालेला, डोळ्यांनी अधू. लेकीच्या पडवीत जाळे दुरुस्त करीत होता. मी कोण ते सांगितले. तो माझ्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिला.

"बेलीफ ना तू? माझ्यावर कसलं समन्स?"

"समन्स नाही. तुमचं गलबत बुडालं त्याची चौकशी करायची आहे."

"माझं गलबत?" त्याने जाळे खाली ठेवले. "माझ्या हातचं गलबत कधी बुडालं नाही. तुमच्या वाडीत बुडालं ते. तुम्हीच बुडवलंत, घरात बसून."

"मग तुम्ही तसं सांगितलं का नाही?"

"तुझ्या बापाने पाय धरले माझे. नाहीतर असं बोलणाऱ्याला मी सोडला असता होय?"

लेक आतून म्हणाली, "बाबा, हळू बोला." तो हळू बोलला नाही.

त्याने सांगितले ते असे. आजोबा चांगले खलाशी होते, पण बंदर लागले की गुत्त्यात जात. घरी आले की हात उगारीत.

"आजीचा हात विहिरीवर मोडला," मी म्हणालो.

"विहिरीला काय हात असतात? त्याने मोडला. मला त्यानेच सांगितलं, रडत. दारू पिऊन रडणाऱ्याचं मी काही धरीत नाही."

हात मोडल्यावर त्यांनी त्याच हंगामात मुंबईला गलबत सोडले आणि ते तिकडेच राहिले. काही वर्षांनी हा तांडेल त्यांना आजारी अवस्थेत परत घेऊन आला, आणि वर्दी द्यायला आमच्या दारी गेला. वडील तेव्हा विशीत होते. ते लगेच निघाले. आजी त्यांच्या पुढे झाली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझा नवरा समुद्रात गेला. तुम्ही कुणाला आणलंत, मला ठाऊक नाही. आणि तिथंच उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या. सगळी वाडी बघत होती. मग कोण काय बोलणार?"

आजोबा भाट्यालाच खाडीकाठी, पावसाळ्यात गलबते ओढून ठेवतात तिथल्या माडाच्या झापांच्या खोपीत राहिले. गलबतांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकण्याचे काम करीत. ते असे बरीच वर्षे जगले. वडील येत, तांदूळ ठेवून जात. बोलणे फारसे होत नसे. शेवटी कार्तिकात आजारी पडून मेले, तेव्हा अग्नी वडिलांनीच दिला.

मी म्हणालो, "वडिलांनीच त्यांना घरात घेतलं नसेल. आजी मेली आहे. तिच्यावर ढकलणं सोपं."

तांडेल हसला. "तुझ्या बापाला आईपुढे तोंड उघडता येत नव्हतं रे. तो कुणाला बाहेर काढतो? कोर्टात राहून तू सगळीकडे चोरच बघतोस."

मी त्याला विश्वास ठेवतो असे म्हटले नाही. म्हातारा वडिलांचा स्नेही होता. स्नेही मेलेल्याची बाजू सावरतात. परतताना ओहोटी होती. तरीची होडी किनाऱ्याच्या अलीकडेच अडकली आणि गुडघाभर पाण्यातून उतरावे लागले. जोडे काढून हातात घ्यायचे मला सुचले नाही.

आईने भात गोळा केले होते. या वेळी मी तिला सवाल केला नाही, फक्त म्हणालो, "तांडेल भेटला. आजोबा खाडीपलीकडे गेले, कार्तिकात."

तिने सूप झाडून भिंतीला टेकले.

"हे त्या दिवशी ओल्या अंगाने आले," ती म्हणाली. "काही बोलले नाहीत. सासूबाई उठल्या. त्या वाकड्या हाताने पाणी काढलं, ह्यांना अंघोळीला दिलं. दहा दिवस देवाला हात लावला नाही, अळणी जेवल्या. मी विचारलं, सुतक कुणाचं हो? म्हणाल्या, सुनेनं ते विचारायचं नसतं."

"तू आजवर का बोलली नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

दोन साक्षी जुळल्या. जुळणाऱ्या साक्षींचा मला अधिकच संशय येतो; बहुधा त्या आधी एकत्र बसून ठरविलेल्या असतात. पण तांडेलाला अळणी जेवणाची माहिती नव्हती, आणि आईला उंबऱ्यावरच्या बांगड्यांची. ती त्या घरात तेव्हा आलीच नव्हती. आजीने एका माणसाला दोनदा मेलेला मानले, एकदा वाडीसमोर आणि एकदा चुलीपाशी. वडिलांनी दोन्ही वेळा तिचा शब्द पाळला. त्यांनी बापाला घरात आणले नाही हे खरेच. आणले नाही ते घर लाटण्यासाठी नव्हे, एवढे मी मान्य केले. त्याहून अधिक मान्य करण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि आजही नाही.

दिवेलागणीला भटजींच्या घरी गेलो. ते ओटीवर होते.

"अमावास्या ना?"

"षष्ठी."

"आणि समुद्र?"

"समुद्राचा संबंध नाही. आजारपणाने गेले. भाट्याला."

त्यांनी विनोद केला नाही. म्हणाले, "बरं. षष्ठीला सकाळी लवकर येतो."

घरी आलो. जोडे अजून ओलेच होते. त्यांत जुना कागद कोंबला आणि ते चुलीच्या मागे उपडे घातले.