उपवासाचं दाइफुकू

हलवायाच्या कढईला खवा चिकटतो आणि मास्तरांच्या डोक्याला किस्से. दोन्ही वेळच्या वेळी खरवडून काढावे लागतात. मी कॉलेजात फूड टेक्नॉलॉजी शिकवते. यंदा मुलांना प्रोजेक्ट दिला, की बेलापूरच्या हलवायाबरोबर बसून एक जपानी मिठाई आपल्या भागातली करून दाखवा. तेव्हापासून मी स्टाफरूममध्ये शिरले की लोक आधी चहा मागवतात!

*

पहिल्या दिवशी आमच्या ऋतुजाने बाबूशेठ हलवायांना मोबाईलवर दाइफुकू दाखवलं. तांदळाच्या पिठाची मऊ पारी, आत डाळीचं गोड सारण. शेठनी चष्मा लावून व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"मंजे पुरणाचा मोदक," ते म्हणाले. "कळ्या पाडता आल्या न्हाईत, म्हणून गोळा केला."

ऋतुजा जपानच्या वतीने दिवसभर रुसून बसली.

*

ते पीठ वाफवून कुटलं की भयंकर चिकट होतं. ऋतुजाच्या वर्गातल्या सागरचे दोन्ही हात त्यात बरबटलेले, आणि तेवढ्यात तिसगावहून त्याच्या आईचा फोन. त्याने तसाच उचलला. फोन तळहाताला जो चिकटला तो चिकटलाच. आईने गावाकडची सगळी खबर दिली आणि म्हणाली, "बरं, ठेव आता."

"न्हाई ठेवता येत गं आई," सागर कळवळून म्हणाला.

पोराला घरची आठवण येतेय म्हणून माउली दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.

*

पहिला घाणा शेठनी गिऱ्हाइकांपुढे ठेवला. पहिल्याने विचारलं, "उपवासाला चालतं का?" दुसऱ्यानेही तेच. तिसरा तर हातातली कचोरी खात खात विचारत होता.

"मॅडम," शेठ म्हणाले, "आपल्याकडं चव मागून इचारत्यात."

मग तांदूळ जाऊन भगर आणि साबुदाण्याचं पीठ आलं, डाळ जाऊन रताळं आलं. जपानचं त्यात काय उरलं, हे मी विचारलं नाही.

*

शेठची अट सरळ होती. एकादशीला ताट संपलं तर दाइफुकूला काचेच्या कपाटात कायमची जागा, नाहीतर प्रयोग बंद. ऋतुजाला ती जागा इतकी हवी होती की त्या दिवशी तिच्या पोटात पाणीसुद्धा गेलं नव्हतं.

शेठची आई, माई, गल्ल्याशेजारी बसतात. उपवासाला काय चालतं याचा निकाल सगळं गाव त्यांच्याकडून घेतं. माईंनी एक खाल्लं, मान डोलावली आणि आणखी तीन मागून घेतली. झालं, ताटावर झुंबड उडाली. दोनच उरली, तेव्हा एका काकूंनी बोटं चाटत विचारलं, "वरून हे पांढरं काय लावलंय?"

"कॉर्नफ्लॉवर," सागर अभिमानाने म्हणाला. "मक्याचं पीठ. एकमेकांना चिकटू नये म्हणून."

मका उपवासाला चालत नाही, हे दुकानात सागर सोडून सगळ्यांना माहीत होतं. खाणारी तोंडं थांबली. ऋतुजाचे डोळे भरून आले. सगळे माईंकडे बघू लागले.

माईंनी पदराने ओठ पुसले.

"पदार्थ जपानचा हाय ना? मग तिकडं चालत असंल," त्या म्हणाल्या. "ती दोन आन इकडं."